दिवाळीनंतर मोडायचा तास

ताई, आधी भांडण उरकून घेते, रडायचं मग पाहू.

तुझ्या तेरवीला धामणगावच्या अंगणात माणूस मावत नव्हता. जो तो येऊन मला सांगत होता, वत्सला मॅडम किती शांत होत्या, किती सोशिक होत्या, कधी कुणाला दुखावलं नाही. मी वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होते म्हणून गप्प बसले. शांत? तू? खोलीतला काळा पडदा कोणत्या बाजूला सरकवायचा इथपासून पोरांनी परीक्षेत कोणती भाषा बोलायची इथपर्यंत एका गोष्टीवर आपलं कधी एकमत झालं असेल तर शपथ. आवाज चढवायची तुला गरज पडायची नाही, एवढं खरं. तू चष्मा कपाळावर सरकवून नुसतं "असं काऊन?" म्हणायचीस, आणि समोरच्याचा दिवस खराब व्हायचा. माझे किती दिवस तू असे खराब केलेस ते मलाच ठाऊक. आज त्यातला एकेक परत मागून घ्यावासा वाटतो.

ज्यांनी आपली खोली पाहिली नाही त्यांना आपलं भांडण कळायचं नाही, म्हणून थोडं त्यांच्यासाठी सांगते. तुला सगळं माहीत आहे, तू तोवर चहा घे.

कॉलेजच्या मागच्या अंगाला, फिजिक्सच्या प्रयोगशाळेला लागून काळ्या पडद्यांची एक खोली. मधोमध कडप्प्याची जाड लादी आणि लादीखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा, अर्धवट हवा भरलेल्या. हे आपलं ऑप्टिकल बेंच. शेजारच्या कापसाच्या जिनिंगची धडधड आणि रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा लादीपर्यंत पोचू नये म्हणून त्या ट्यूबा. हवा कमी भरून द्या म्हटल्यावर तो पंक्चरवाला आपल्याकडे बघतच राहिला होता. हवा कमी मागणारं गिऱ्हाईक त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लादीच्या एका टोकाला लेसर, मग दोन आरसे, मग पत्र्याच्या दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि पलीकडे पांढरी भिंत. लेसरचा तांबडा किरण आरशांवरून वळून दोन्ही भोकांतून आरपार जायला हवा आणि भिंतीवर ठिपका पडायला हवा. काम एवढंच. आणि एवढ्या कामाला चांगली हुशार पोरं रडकुंडीला येतात.

भोक एकच असतं तर कुणालाही जमलं असतं. दोन आहेत, तिथे गोम आहे. जवळचं भोक साधावं तर किरण दूरच्यातून निसटतो, दूरचं साधावं तर जवळचं सुटतं. मग पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवून जवळचं भोक धरायचं, दुसऱ्या आरशाचे फिरवून दूरचं, पुन्हा जवळचं, पुन्हा दूरचं. असं आलटूनपालटून केलं की दर फेरीला चूक कमी होत जाते. उलटं धरलं, म्हणजे पहिल्या आरशानं दूरचं साधायला गेलं, की दर फेरीला ती वाढत जाते आणि किरण शेवटी छताला जाऊन चिकटतो. पुस्तकात याला अलाइनमेंट म्हणतात. तू त्याला तास म्हणायचीस.

मी दुसरबीडची. आमच्याकडेही नांगराच्या, पेरणीच्या ओळीला तासच म्हणतात, पण एम.एस्सी. करून आले तेव्हा तो शब्द मी घरी ठेवून आले होते. कॉलेजात तास म्हणजे पिरियड, घंटा झाली की सुरू आणि घंटा झाली की संपला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तुझ्या त्या काळ्या खोलीत डोकावले, तेव्हा एक उंच पोरगा आरशाला नाक लावून स्क्रू पिळत होता, ठिपका भिंतीवर नुसता सैरावैरा पळत होता आणि तू त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून उभी होतीस.

"पायापाशी काय पाहून राह्यला बे? औत हाकतानी मानूस बैलाच्या खुराकडं पाहते का? धुऱ्यावरच्या झाडाकडं पाहते. दूर पाह अन् तास धर."

धुरा म्हणजे बांध, हे त्याला सांगायला लागलं नाही. त्यानं मान वर केली, दूरच्या भोकाकडे नजर लावली, आणि हात आपोआप हलका पडला. मी दारातच उभी राहिले. मला ही गोष्ट विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत कुणी तरी तीन पानी सूचनापत्रातून शिकवली होती आणि ती मला कधी नीट आली नव्हती. हे मी तुला नंतर सांगितलं, तर तू म्हणालीस, "मले वाटलंच होतं," आणि खोखो हसलीस. सोशिक म्हणे!

आपल्या पहिल्या भांडणाचं निमित्त बांगड्या. लेसर सुरू असताना हातात चकाकणारं काही नको, किरण त्यावरून उडून कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो. हा नियम जगात सगळीकडे आहे. मी वर्गात मुलींना सांगितलं, घड्याळं, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. त्या बॅचला एक नव्या लग्नाची मुलगी होती, हातभर हिरवा चुडा. ती उठून दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली. आत येईना, बाहेर जाईना. मी आपली नियम समजावून सांगतेय. तू आलीस, तिच्या हाताकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि गजाननभाऊंना बाजारात पिटाळलंस. गजाननभाऊ म्हणजे आपल्या प्रयोगशाळेचे सहायक. ते काळ्या मोज्यांचे जोड घेऊन आले, तू त्यांचे पंजे कात्रीनं उडवलेस आणि ती नळी पोरीच्या मनगटावर चढवलीस. चुडा झाकला. नंतर मला म्हणालीस, बांगड्या काढ असं लेकीबाळीला म्हणत नाही मीनल, झाक म्हणावं. मी म्हटलं, नियम नियम आहे. तू म्हणालीस, मी कुठं नियम मोडला? तेव्हापासून आपल्या खोलीत खिळ्याला मोजे टांगलेले असतात आणि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस ते कशाला म्हणून विचारतो.

पण तासाच्या बाबतीत मी हार मानली नाही, आजही मानत नाही. ती परीक्षा आठव. बाहेरून आलेले परीक्षक, भले गृहस्थ, पण शहरातले. आपला पोरगा तोंडी परीक्षेला उभा. प्रयोग त्या रिंगांचा होता. त्यात एका तिरप्या काचेवर किरणाचे दोन होतात, दोन्ही आपापल्या आरशावर आपटून परत येतात आणि बरोबर एकावर एक बसले की भिंतीवर तांबड्या-काळ्या रिंगा उमटतात. परीक्षकांनी विचारलं, हे कसं साधलं? पोरगा छाती काढून म्हणाला, "आधी दोन तास असते सर. मंग त्याचा एक तास करा लागते." परीक्षक म्हणाले, अरे, एवढ्याशा कामाला दोन तास? आणि सराव झाला की एक? पोरगा म्हणाला, हाव सर, एक झाला की मंग काही टेन्शन नाही. परीक्षकांनी हळहळून मान हलवली आणि मार्क कापले. तू हे ऐकून पोट धरून हसलीस, मग त्यांना खिडकीशी नेलंस, मागच्या शेतातले हरभऱ्याचे तास दाखवलेस, आणि तेही हसले आणि मार्क परत आले. सगळं गोड झालं. मी मात्र दिवसभर फणफणत होते. मी तुला म्हटलं, आज तू होतीस म्हणून निभावलं. ही पोरं उद्या पुण्याला, बंगळूरला मुलाखतीला जातील, तिथे खिडकीबाहेर हरभरा नसेल आणि तूही नसशील.

तू म्हणालीस, मी नसन तवा तू असशील ना.

मला तेव्हा ते टाळाटाळ करणारं उत्तर वाटलं होतं. आता मी दोन्ही शब्द शिकवते, आधी तास, मग अलाइनमेंट, आणि परीक्षेत दुसरा म्हणायचा अशी तंबी देते. हा माझा विजय आहे, लक्षात ठेव.

आता एक गोष्ट, जी तुला कधीच सांगितली नाही. मला नाशिकहून बोलावणं आलं होतं. मोठं कॉलेज, नवीकोरी प्रयोगशाळा, पेटीबंद यंत्रं, बटण दाबलं की रिंगा. मी गेले नाही. तू सगळ्यांना सांगत फिरलीस की मीनलच्या सासूबाईंना इथली हवा मानवते म्हणून ती राहिली. सासूबाईंना कुठलीच हवा मानवत नाही. मी राहिले ते त्या लादीसाठी आणि तुझ्यासाठी. मला रोज कुणीतरी भांडायला हवं होतं, आणि तुझ्याइतकं चांगलं भांडणारं माणूस नाशिकला मिळालं नसतं. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू चष्मा वर सरकवून "असं काऊन?" म्हणाली असतीस आणि मला खरंच सांगता आलं नसतं. आता सांगते. तू मला आवडायचीस, ताई. फार.

त्या रिंगा फार हळव्या. लादीजवळ हात नेला तरी हाताच्या उबेनं हलतात. जिनिंग सुरू झालं की नुसत्या थरथरतात, कितीही ट्यूबा घाला. आणि तू व्हरांड्यातून येत असलीस की मला दाराकडे पाहावं लागायचं नाही. गुडघा दुखायला लागल्यापासून तुझं एक पाऊल जड पडायचं आणि एक हलकं. रिंगा एकदा मोठा झटका खायच्या, एकदा छोटा, पुन्हा मोठा, पुन्हा छोटा. मी पोरांना म्हणायचे, मोजणी थांबवा, मॅडम येतायत. ती पोरं थक्क व्हायची. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी मी एकटीच आत गेले, लेसर लावला आणि तुझ्या आरशांना हात न लावता, पुढे तिरपी काच मांडून रिंगा आणल्या. सगळा दिवस माणसं व्हरांड्यातून येत-जात होती आणि सगळी सारख्या पावलांनी चालत होती. तेव्हा रडले. चांगली भरपूर रडले. ते एकदाचं सांगून टाकलं.

आता आपल्या खऱ्या भांडणावर येऊ. ते अर्धवट राहिलं आहे आणि तू त्यातून निसटलीस म्हणून मी सोडणार नाही.

तुझी ती खोड. दर वर्षी दिवाळीनंतर नवी बॅच पहिल्या प्रॅक्टिकलला आली की तू त्यांच्यासमोर आधीच्या बॅचचा तास मोडायचीस. सगळे स्क्रू वाटेल तसे फिरवायचीस, भोकांच्या पट्ट्यासुद्धा जागच्या सरकवायचीस, आणि हात झटकून म्हणायचीस, आता धरा. पोरांनी धरला की भिंतीवर जिथे ठिपका पडेल तिथे पेन्सिलीनं फुली. पेन्सिल तुझ्या अंबाड्यात खोचलेली असायची. भिंतीवर फुल्यांचा नुसता थवा झाला आहे, आणि रंगारी आला की तू त्याला त्या भिंतीपासून हाकलून लावायचीस. मला या प्रकाराचा संताप यायचा. एवढ्या मेहनतीनं लावलेली मांडणी, ती मोडायची कशाला? मी एपॉक्सीचं पाकीट आणून कपाटात ठेवलं होतं. स्क्रूंना एकदा तो डिंक लावला की तास जन्मभर हलायचा नाही, प्रत्येक पोराला रिंगा दिसतील आणि प्रत्येकाचं रीडिंग येईल. माझा मुद्दा बसचा होता. आपल्या निम्म्या पोरी बाहेरगावच्या. तास शोधण्यात दुपार जाते, बस निघते आणि ज्यांना निघावं लागतं त्या रिंगा न पाहताच जातात, दुसरीच्या वहीतून आकडे उतरवतात. ही कसली शिकवणूक?

तू म्हणायचीस, "रिंगा काय, टीव्हीवर बी दिसते. लावून ठेवलेला तास पोराईच्या काय कामाचा?"

आणि बसचं काय, असं मी विचारलं की तू चहा मागवायचीस. बसचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. कबूल कर.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. नवा लेसर आला होता आणि तो तू स्वतः बसवलास, कुणाला हात लावू दिला नाहीस. किती दिवसांनी तुला तास धरताना पाहत होते. आरशाच्या स्क्रूवर बोटं नुसती टेकलेली, फिरवतेयस की नाही तेही कळू नये. जवळ, दूर, जवळ, दूर, आणि ठिपका भिंतीवर येऊन बसला. तू अंबाड्यातली पेन्सिल काढून फुली मारलीस आणि पेन्सिल लादीवरच विसरलीस. मी म्हटलं, ताई, एवढा सुंदर लागलाय, या वर्षी मोडू नको. तू पिशवी खांद्याला लावलीस. वऱ्हाडातल्या बायकांसारखं तूही "मी जातो" म्हणायचीस, आणि मी तुला त्यावरून चिडवायचे.

"मी जातो आता. दिवाळी होऊ दे, मंग मोडू."

पाडव्याच्या सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. चहा घेऊन ओसरीत बसलीस आणि तशीच मान टाकलीस म्हणाले. मी फोन कानाला लावून उभी होते आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? आता मोडायचा की नाही?

सुट्टीनंतर पाहते तर हा प्रश्न माझा एकटीचा राहिलाच नव्हता. प्राचार्य सरांनी ठरवलं होतं की बेंचवर काचेची पेटी बसवायची, मॅडमच्या हातचा तास आत तसाच ठेवायचा, दाराला तुझ्या नावाची पाटी लावायची. शिकवायला दुसरं पेटीबंद यंत्र मागवू म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलंही हो म्हणाली. गजाननभाऊंनी तर लादीवरची धूळसुद्धा पुसली नव्हती, न जाणो काही हलेल म्हणून. कुणाचंच चुकत नव्हतं, ताई, सगळ्यांना तू हवी होतीस. आणि पाटीवर तुझं नाव लागलं तर मलाही बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू?

नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. मी लवकर येऊन पडदे ओढले, लेसर लावला. गजाननभाऊंनी लादीच्या कोपऱ्यात तुझ्यासाठी उदबत्ती लावून ठेवली होती. एरवी किरण हवेत दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. पण उदबत्तीचा धूर पसरला आणि त्यात तुझा सगळा तास उजळला. लेसरपासून आरशावर, आरशावरून आरशावर, एका भोकातून, दुसऱ्या भोकातून, सरळ तुझ्या फुलीवर. कुठे बाक नाही, थरथर नाही. मी कपाटातून एपॉक्सीचं पाकीट काढलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन्ही नळ्या पिळल्या आणि काडीनं कालवायला लागले. इतकी वर्षं तू मला हे करू दिलं नव्हतंस. आता अडवणारं कुणी नव्हतं. एकदा कालवलं की थोड्याच वेळात ते दगड होतं, म्हणून मी भराभर हात चालवत होते.

पोरं आत आली, मोजे चढवून लादीभोवती उभी राहिली. त्यांत गायत्री होती. तुझ्या धामणगावची, बसनं येते, भाजीवाल्या माळ्यांची लेक, सकाळी मेथीच्या जुड्या बांधून मग कॉलेजला येते. तिनं धुरातला तास पाहिला, माझ्या हातातला पुठ्ठा पाहिला. तिला कळलं असावं.

"मंग मॅडम, आम्ही काय कराचं?"

पाहायचं, मी म्हटलं.

"नुसतं पाहाचं?"

कुरापत काढायची म्हणून नाही, अगदी साधं विचारलं तिनं. तोंड पाडून मोज्यातले हात मागे घेतले. बाकीची पोरंही मंदिरात उभी राहावीत तशी हात जोडून उभी होती. आपल्या खोलीत, ताई, पोरं हात जोडून उभी! मला एकदम तुझा राग आला, माझा आला, त्या काचेच्या पेटीचा आला. मला तुझ्या हातांची एवढी ओढ होती की मी तुझी खोलीच बंद करायला निघाले होते. डिंक पुठ्ठ्यावर घट्ट होत चालला होता. मी तो तसाच खिडकीत ठेवून दिला. आता तिथे तो दगड होऊन बसलाय, काडीसकट.

आणि मी तुझा तास मोडला.

पहिल्या आरशाचा स्क्रू धरला आणि फिरवला. धुरातली ती तांबडी रेघ हलली, भोकाच्या काठाला घासली आणि विझली. भिंतीवरचा ठिपका गेला. दुसरा आरसा फिरवला तसा किरण पडद्यावर पळाला, तिथून छतावर. पट्ट्या सरकवल्या. गजाननभाऊ तोंड फिरवून बाहेर गेले आणि व्हरांड्यात मोठ्यानं नाक शिंकरत राहिले. तुझी फुली भिंतीवर कोरडी राहिली. जे गेलं ते गेलं, पुन्हा हुबेहूब आणणं तुलाही जमलं नसतं. मी हात झटकले, तुझ्यासारखे, आणि म्हटलं, आता धरा.

गायत्री पुढे झाली. आधी तिनं उलटं धरलं, सगळे धरतात, आणि किरण गेला छताला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. मी मागे कमरेवर हात ठेवून उभी. तोंड बंद ठेवायला किती त्रास होतो ते मला त्या दिवशी कळलं. तू दर वर्षी तो कसा सोसलास? चल, तेवढ्यापुरती सोशिक म्हणते तुला. पोरगी घामाघूम झाली, ओठ चावायला लागली, तेव्हा मी एकच सांगितलं, तुझ्याच शब्दांत, पायापाशी नको पाहू, धुऱ्याकडं पाह. तिनं मान वर केली. जवळ, दूर. जवळ, दूर. व्हरांड्यापलीकडे बसचा हॉर्न वाजला आणि ती जागची हलली नाही. पिरियड संपल्याची घंटा झाली, तीही कुणी मनावर घेतली नाही. आणि मग ठिपका आला.

तुझ्या फुलीच्या चार बोटं डावीकडे, जरासा खाली. माझा हात सवयीनं स्क्रूकडे गेला, तुझ्या फुलीवर न्यावा म्हणून. मग मी दोन्ही भोकं पाहिली. किरण दोन्हींच्या मधोमध जात होता. तास बरोबर होता, ताई. तुझा नव्हता एवढंच. मी हात मागे घेतला. गायत्रीनं फुली मारायला पेन्सिल मागितली. तुझी लादीवरच पडलेली होती, ती दिली.

काचेच्या पेटीला मी नाही म्हणून सांगितलं आहे. प्राचार्य सर नाराज आहेत, होतील बरे. पाटी लावू म्हणाले, ती लावा म्हटलं. आणि दर साली मोडायचं, हेही सांगून ठेवलं आहे.

राहता राहिली बस. ती गेली होती. बघ, माझा मुद्दा तसाच्या तसा उभा आहे आणि तू चहा मागवायलाही इथे नाहीस. गायत्रीला मागे बसवून मीच धामणगावला निघाले. वाटेत हरभरा गुडघ्याखाली हिरवा दाटलेला होता, मावळतीच्या उन्हात तासच्या तास सरळ दिसत होते. तुझ्या भावाच्या शेतापाशी मी गाडी हळू केली. मागून पोरीनं विचारलं, "मॅडम, पुढच्या साली माहा तास कोन मोडन?"

मी म्हटलं, "मी मोडन."